पाकिटावरचा जिल्हा आधी वाचा

“सर, फाईल उघडंनाच. तीनदा दाबलं, चारदा दाबलं, काहीच होईना.”

हिंगोलीतल्या एका हळद व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी मला हे सांगितलं तेव्हा दुकानापुढे कांडीच्या पोत्यांची थप्पी लागलेली होती. हंगाम ऐन भरात. फोन थांबत नव्हता, हमाल हिशेबासाठी दारात उभे होते आणि टेबलावरचा कॉम्प्युटर काही झालंच नाही अशा थाटात नेहमीचं चित्र दाखवत होता. मेल इंग्रजीत होता. हळदीची तातडीची मागणी, दोन कंटेनर, ऑर्डर सोबत जोडली आहे, आजच दर कळवा, असा मजकूर. खाली कंपनीचं नाव, बोधचिन्ह, दुबईचा पत्ता, फोन नंबर. जोडलेली फाईल पीडीएफसारखी दिसत होती. मुनीमजींनी ती दाबली. काही दिसेना म्हणून पुन्हा दाबली.

ती पहिल्यांदा दाबली तेव्हाच उघडली होती. आपल्याला दिसेल अशी उघडली नव्हती, इतकंच.

पुढे तीन आठवडे काहीही घडलं नाही. मग सांगलीच्या एका जुन्या खरेदीदाराचा फोन आला, “काका, तुम्ही बँक खातं बदललं का? तुमचा मेल आलाय.” मेल खरोखरच या दुकानाच्या पत्त्यावरून गेला होता. जुन्या सौद्याचा उल्लेख बरोबर, रक्कम बरोबर, मुनीमजी शेवटी जसं लिहितात तसं ‘आपला नम्र’ही बरोबर. फक्त खातं भलत्याचं. सांगलीकर जुन्या वळणाचे. पैसे सोडण्याआधी फोन करायची त्यांची सवय, म्हणून निभावलं. मी दुकानाच्या जीमेलची सेटिंग उघडली तर ‘फॉरवर्डिंग’मध्ये एक अनोळखी पत्ता बसलेला सापडला. तीन आठवडे या दुकानात येणारा प्रत्येक मेल दोन ठिकाणी वाचला जात होता.

कॉम्प्युटरचे वर्ग घेता घेता माझे केस पिकले. व्हायरस म्हटलं की वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे अजूनही सिनेमातलं चित्र येतं: पडदा काळा होणार, कवटी नाचणार, मशीन बंद पडणार. असा दांडगा व्हायरस परवडला, कारण तो निदान कळतो. हल्लीचा चोर माळ्यावर चढून गप्प बसतो. ‘एजंट टेस्ला’ नावाचा एक नमुना २०१४ पासून जगभर फिरतो आहे. तो येतो तो खरेदीच्या ऑर्डरी, बिलं आणि माल पाठवल्याच्या कागदांचं सोंग घेऊन. आत शिरला की तुम्ही कीबोर्डवर दाबलेली अक्षरं टिपतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि मालकाला पाठवून देतो. तुमच्या कामात तो कसलाही अडथळा आणत नाही. तुम्ही सुखाने काम करत राहावं, यातच त्याचा फायदा.

आणि तो कुलूप तोडून येत नाही. दार आपण उघडतो. मेल आपल्या धंद्याला बेतून शिवलेला असतो म्हणून उघडतो. हळदवाल्याला हळदीची ऑर्डर, शाळेच्या लिपिकाला पोर्टलवर माहिती न भरल्याबद्दलची ताकीद, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला तपासणीचं पत्र, कृषी सेवा केंद्राला कंपनीची नवी दरयादी. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, शेतकरी कंपन्या उभ्या राहिल्या, बाहेरच्या चौकश्या मेलवर यायला लागल्या, हे चांगलंच झालं. पण मेलचे पत्ते चार ठिकाणी जाहीर झाले की गिऱ्हाइकाबरोबर भामट्यालाही ते मिळतात. ‘आम्हा लहान माणसांच्या मागे कोण लागतंय’ हे वाक्य मी औंढ्यापासून सेनगावपर्यंत ऐकलं आहे. मागे कुणी लागत नाही हे खरं. जाळं टाकलेलं असतं आणि जो सापडेल तो मासा.

पत्ता शेवटून वाचायचा

पोस्टमन पाकीट कसं वाचतो ते आठवा. तो आधी पिनकोड बघतो, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. घराचं नाव सगळ्यात शेवटी. समजा एखाद्याने आपल्या घराला ‘जिल्हाधिकारी कार्यालय, हिंगोली’ असं नाव दिलं आणि पत्त्याच्या शेवटी परराज्यातला पिनकोड लिहिला, तर ते पाकीट ४३१५१३ ला येणार नाही. मेलचा पत्ता आणि वेबसाइटचा पत्ता असाच वाचायचा असतो, शेवटून. आपण मात्र पहिला ओळखीचा शब्द दिसला की विश्वास टाकतो.

मेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या खुणेनंतरचा भाग बघा आणि त्यातही शेवटचे दोन-तीन शब्द. सरकारी मेल असेल तर शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा हवा. ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड डॉट टॉप’ असा पत्ता दिसला तर त्यातलं सुरुवातीचं सगळं म्हणजे घराची पाटी. जिल्हा ‘टॉप’ आणि तालुका ‘रिफंड’. लिंकचंही तसंच. ‘एचटीटीपीएस’ नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या अलीकडचे शब्द म्हणजे जिल्हा आणि तालुका. तिच्या पलीकडे काहीही लिहिलेलं असो, त्याला किंमत नाही. कॉम्प्युटरवर लिंक न दाबता नुसता बाण तिच्यावर नेला की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर लिंक दाबून धरावी लागते. डोळे बारीक करून वाचा, कारण इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी बसले की हुबेहूब ‘एम’ दिसतात आणि भामट्यांना ही अक्षरओळख चांगली असते.

बँकांच्या बाबतीत आता काम सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं. हा शेवट बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. बँकेच्या नावाने आलेली लिंक भलत्याच शेवटाची निघाली तर तिथे आकडा भरू नका. लिंक दाबण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करणं केव्हाही बरं.

पण एक अडचण आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे फसवणूक होईल. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव पाठवणाराच लिहितो. पोस्ट ते तपासत नाही. मेलचंही तसंच आहे. जून २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धास्तीत, देशाच्या सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ने एक इशारा दिला होता. मुंबई-दिल्लीसह मोठ्या शहरांतल्या लोकांना मोफत करोना चाचणीच्या नावाने मेल येतील आणि पाठवणाऱ्याचा पत्ता चक्क ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणारा दिसेल, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे जिल्हा बरोबर, पाकीट खोटं.

अशा वेळी पोस्टाचा शिक्का बघायचा. जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं असेल तर मेलच्या उजवीकडे तीन ठिपके असतात, त्यात ‘शो ओरिजनल’ आहे. तिथे वरच्या बाजूला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. तिन्हींपुढे ‘पास’ असेल तर मेल त्याच पत्त्यावरून निघालेला आहे. ‘फेल’ दिसलं तर जोडलेली फाईल उघडू नका. अर्थात पत्ताच भामट्याचा असेल तर तोही ‘पास’ होतो. शिक्का फक्त टपाल कुठून निघालं ते सांगतो, पाठवणाऱ्याच्या नियतीची ग्वाही देत नाही. आणि मुनीमजींच्या गोष्टीसारखं खरंच दुकानाच्या खात्यात शिरून कुणी मेल पाठवला तर सगळे शिक्के अस्सल निघतील. तिथे उपाय एकच, सांगलीकरांचा. फोन. तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर.

प्राप्तिकराच्या नोटिशीला तर जोडलेली फाईल उघडायचीही गरज नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून त्या खात्याच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो आणि खात्याच्या पोर्टलवर जाऊन तो क्रमांक खरा की खोटा ते कुणालाही तपासता येतं. खरी नोटीस असेल तर ती तुमच्या पोर्टलच्या खात्यातही दिसते. नोटिशीच्या नावाने झिप फाईल आली की ती न उघडता आधी आपल्या सीएंना फोन करावा.

शेपूट लपवलेली फाईल

४ मे २००० रोजी जगभरच्या लोकांना एक प्रेमपत्र आलं. विषयाच्या जागी ‘आय लव्ह यू’ आणि सोबत एक फाईल. तिच्या नावाचा शेवट ‘टीएक्सटी’ दिसत होता, म्हणजे साधा मजकूर. खरं नाव त्याच्याही पुढे होतं, ‘व्हीबीएस’, म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज फाईलच्या नावाची शेवटची अक्षरं लपवून ठेवतं, म्हणून ते कुणाला दिसलंच नाही. ज्याने पत्र उघडलं त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र आपोआप गेलं. ब्रिटिश संसदेला आपली मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. ते लिहिणारा फिलिपिन्सचा तरुण सापडला, पण तिथे तसा कायदाच नव्हता म्हणून सुटला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा आला तो त्याच वर्षी. व्हायरस सोडणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

एवढी वर्षं झाली, तरी विंडोज शेपूट अजून लपवतंच. मला ही मोठीच खोड वाटते. मुनीमजींची ‘पीडीएफ’ याच जातीची होती. ‘पीडीएफ’च्या पुढे ‘ईएक्सई’ लपलं होतं. म्हणून घरी किंवा दुकानात कॉम्प्युटर सुरू केला की आज पहिलं काम हे करा: कुठलंही फोल्डर उघडा, वर ‘व्ह्यू’वर जा आणि ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’पुढे खूण करा. विंडोज ११ असेल तर ‘व्ह्यू’मधल्या ‘शो’मध्ये ते सापडेल. अर्धं मिनिट लागतं. त्यानंतर प्रत्येक फाईल तुम्हाला तिच्या पूर्ण नावानिशी दिसेल. मेलमधून आलेल्या फाईलचा शेवट ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ यांपैकी काही असेल तर ती कितीही मोठ्या कंपनीची ऑर्डर असली तरी ऑर्डर नाही.

जीमेल अशा फाईली सहसा आत येऊच देत नाही. म्हणून भामटे वळसा घेतात. एक वळसा म्हणजे कुलूपबंद झिप. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असतो आणि आपल्याला वाटतं, किती काळजीने पाठवलं आहे! पासवर्ड लावायचं खरं कारण एवढंच की मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये. वर्ड आणि एक्सेलच्या फाईलींमध्ये ‘मॅक्रो’, म्हणजे फाईलीच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, लपवायची जुनी चाल आहे. फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येते, ‘एनेबल कंटेंट’ दाबा म्हणते. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली. पण दुकानातलं ऑफिस जुनं असेल तर तो पहारा नाही.

सगळ्यात नवी चाल मात्र मला खरोखर बेरकी वाटते. मेलमधली लिंक दाबली की ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान येतं. आपल्याला त्याची सवय आहे. सरकारी पोर्टलवर दिवसातून वीस वेळा आपण ते करतो. पण हे पान म्हणतं, विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि ‘व्ही’, मग एंटर. माणूस मुकाट्याने दाबतो. त्या पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, आपण ती आपल्याच हाताने कॉम्प्युटरला देतो. मग अँटिव्हायरस तरी कुणाला अडवणार, मालकालाच? २०२४ पासून हा प्रकार जोरात आहे. कुठलंही खरं पान विंडोज आणि ‘आर’ दाबायला कधीही सांगत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सेवा केंद्रवाल्यांसाठी

‘अनोळखी मेलमधली फाईल उघडू नका’ हा उपदेश मी वर्षानुवर्षं करत आलो. एकदा कळमनुरीच्या बाजूचा माझाच एक जुना विद्यार्थी, आता केंद्र चालवणारा, मला म्हणाला, “सर, माझा धंदाच अनोळखी फाईली उघडायचा आहे. लोक येतात आणि म्हणतात, भाऊ, मेल केलाय, दोन प्रती काढा. मी काय म्हणू, नाही काढत?” त्याचं खरं होतं. त्या दिवसापासून मी केंद्रवाल्यांना वेगळं सांगतो.

फाईल डाउनलोड करायचीच नाही. जीमेलमध्ये जोडलेल्या फाईलीवर एकदा टिचकी मारली की ती तिथेच, गूगलच्या पडद्यावर उघडते. छापायचं चिन्ह वर असतंच. फाईल तुमच्या मशीनवर उतरत नाही. आणि तिथे दिसत नसेल तर ती छापण्यासारखी गोष्ट नव्हतीच; गिऱ्हाइकाला सांगायचं, दादा, पीडीएफ करून आणा. प्रिंटसाठी लोकांना द्यायचा मेल पत्ता वेगळा ठेवा आणि पोर्टलच्या लॉगिनला जोडलेला वेगळा. दुसरा कुणालाही सांगू नका. शक्य असेल तर प्रिंट काढायचं मशीनच वेगळं ठेवा. जुनं, सेकंडहँड चालतं. त्यावर फक्त प्रिंट, बाकी काही नाही. दोन मशीन परवडत नसतील तर विंडोजमध्ये दोन खाती करा आणि रोजचं काम साध्या खात्यातून करा. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खातं फक्त काही बसवायचं असेल तेव्हा उघडा. पेनड्राइव्हचं पुराण इथे काढत नाही, पण तोही त्याच जुन्या मशीनला लावा.

केंद्राच्या कॉम्प्युटरची गोष्ट घरच्या कॉम्प्युटरसारखी नसते. त्यात अख्ख्या गावाचे आधार, बँक पासबुकं, उत्पन्नाचे दाखले, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज पडलेले असतात. डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर (१७)’ या नावाने. काम झालं की ते पुसून टाकायला पाच मिनिटं लागतात. ब्राउझर विचारतो, पासवर्ड लक्षात ठेवू का? आपण ‘हो’ म्हणतो, कारण बाहेर रांग लागलेली असते. चोराला नेमकी तीच पेटी हवी असते. आणि ज्यांच्याकडे डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल आहे त्यांना हात जोडून सांगतो, सही झाली की तो काढा. कित्येक टेबलांवर तो सकाळी लावलेला रात्रीपर्यंत तसाच लुकलुकत असतो. बाहेरच्या कुणी मशीनचा ताबा घेतला आणि तुमचा पिन टिपला तर लावलेल्या डोंगलवरून तो तुमच्या नावाने सही करू शकतो. मग ती सही तुमची नव्हती हे सिद्ध करत तुम्ही तारखांना जाणार.

मोबाइलवर हीच फसवणूक ‘एपीके’ फाईल होऊन येते. कधी लग्नाची पत्रिका, कधी वाहतुकीचं चलान, कधी पीएम किसानचा हप्ता. पत्रिका उघडायला कुणाला अ‍ॅप बसवावं लागत नाही, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून ठेवा.

अँटिव्हायरसबद्दल लोक हमखास विचारतात. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांनी आणि त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं, ही आपल्या मराठी माणसाची अभिमानाची गोष्ट आहे. पण विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकट येतो आणि साध्या वापराला तो पुरतो, असं माझं मत. ‘सर्ट-इन’चं सायबर स्वच्छता केंद्रही मशीन साफ करायची साधनं मोफत देतं. अँटिव्हायरस कोणता घ्यावा यावर लोक तासभर बोलतात आणि विंडोज मात्र चोरीचं वापरतात. क्रॅक केलेल्या विंडोजबरोबर काय काय आलं हे देवालाच ठाऊक. विंडोज ७ ची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली आणि विंडोज १० चीही १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीची मुदत संपली. जुन्या घराला नवं कुलूप लावून भिंतीचं भगदाड तसंच ठेवण्यात काय अर्थ?

सुट्टीच्या आदल्या रात्री

जानेवारी २०१५ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतल्या काही कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या एका तरुणाचा विनम्र मेल आला. बायोडाटा बघावा, ही विनंती. तो बघितला गेला. चोर वर्षभर आत बसून राहिले. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारी रात्री त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे त्या बँकेच्या नावाने ९५ कोटी डॉलर मागितले. शुक्रवार ही तिथली साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी सकाळी व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटर चालेना, तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं, नेहमीचं दुखणं आहे. कळेपर्यंत ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले होते. दोन कोटींचा एक व्यवहार ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकल्यामुळे अडला. त्या काळी चुकीचं इंग्रजी ही भामट्याची खूण असायची. आता तीही भरवशाची राहिली नाही. फसवे मेल शुद्ध मराठीतही येऊ लागले आहेत.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे एमआयडीसीचं. हिंगोलीजवळ लिंबाळ्याला ज्या महामंडळाची वसाहत आहे, त्याच्या सर्व्हरवर २१ मार्च २०२१ च्या पहाटे रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरच्या कार्यालयांचं ऑनलाइन काम खोळंबलं. वार रविवार. चोरांनाही कॅलेंडर कळतं. शनिवारी संध्याकाळी, दिवाळीत, ३१ मार्चच्या घाईत आलेल्या ‘तातडीच्या’ मेलला म्हणूनच दुप्पट वेळ द्या.

रॅन्समवेअर म्हणजे सगळ्या फाईलींना कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणारा व्हायरस. याच्यावर एकच खात्रीचा उतारा आहे: वेगळी ठेवलेली नक्कल. ती कॉम्प्युटरला कायम लावलेल्या डिस्कवर असेल तर तिलाही कुलूप लागतं. म्हणून दोन डिस्क घ्या. एक सोमवारी लावा, एक गुरुवारी. टॅलीचा डेटा, बिलं, पावत्या उतरल्या की डिस्क काढून घरी न्या. दुकानाच्या गल्ल्यात ठेवू नका. गूगल ड्राइव्हवर फाईली आपोआप जात असतील तर कुलूपबंद फाईलही तिकडे जाते. मात्र ड्राइव्ह जुन्या प्रती साधारण ३० दिवस सांभाळतो, तेवढ्या मुदतीत मागची प्रत परत आणता येते. खंडणी देऊ नका. दिली तरी किल्ली मिळेलच असं नाही. युरोपच्या पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात, तिथे आधी बघा.

आणि समजा, दाबलंच? कुणाकडूनही होतं; लाजून लपवू नका. मालकाच्या धाकाने नोकर दोन दिवस गप्प बसतो आणि तेच दोन दिवस चोराला हवे असतात. आधी नेटची वायर उपटा, वायफाय बंद करा. फॉरमॅट मारायची घाई नको, पोलिसांना पुरावा लागतो. दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून मेलचा पासवर्ड पहिल्यांदा बदला, मग बँकेचा, मग पोर्टलचे. मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ उघडून बघा, कुणी पाहुणा बसलाय का. नेहमीच्या पार्ट्यांना फोन करून सांगा की खातं बदलल्याचा मेल आला तर खरा मानू नका. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी गोठवता येते, उशीर झाला की नाही. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जा. मूळ मेल पुसू नका.

मुनीमजींच्या कॉम्प्युटरच्या कडेला आता १९३० चा आकडा पेनाने लिहून चिकटवलेला आहे. नवी ऑर्डर आली की ते फाईल उघडण्याआधी ती कंपनी ज्यांना ठाऊक असेल त्यांना फोन लावतात, आणि दर मग कळवतात. त्या मेलखाली दिलेला दुबईचा नंबर मी नंतर सावकाश मोजून बघितला. त्यात एक आकडा कमी होता.